नानांची सव्वा मूठ

जळगावात आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा वायरिंगवाल्याशी बोलायचं काम बायकोनं माझ्यावर सोपवलं. असं काही सोपवण्याची तिची ती शेवटची वेळ. वायरिंगवाल्यानं खडूनं भिंतीवर खुणा करून ठेवल्या होत्या. प्लगच्या जागा जमिनीपासून वीतभर वर, जशा चारचौघांच्या घरात असतात तशा. मी कमरेवर हात ठेवून म्हणालो, "हे सगळे छातीपर्यंत वर घ्या."

तो म्हणाला, "साहेब, तिसरा मजला आहे हा."

"असू दे."

का असू दे, हे त्या क्षणी मलाही सांगता आलं नसतं. पण तोंडातून निघून गेलं होतं, आणि वायरिंगवाल्यासमोर माघार घ्यायची नाही हा माझा बाणा. बायकोसमोर मी रोज घेतो, ते वेगळं.

आता आमच्याकडे टीव्हीची वायर भिंतीवरून वेलीसारखी खाली येते. मोबाइल चार्जिंगला लावला की तो हातात धरून उभं राहावं लागतं. इस्त्रीची वायर टेबलापर्यंत पुरत नाही, म्हणून मी उभ्या भिंतीला धरूनच कॉलर सरळ करतो. पाहुणे वर बघतात, मग माझ्याकडे बघतात. बायको चहाचा ट्रे ठेवत शांतपणे सांगते, "ह्यांना वाटतं, गिरणा नदी तिसऱ्या मजल्यावर येणार आहे."

याला कारण नाना.

धुळ्याला एका विमा कंपनीच्या शाखेत मी लागलो तेव्हा नाना तिथं जुने होते. दुकानं, गोदामं, नदीकाठच्या इमारती यांचा विमा उतरवायचा तर आधी जाऊन जागा बघायची, पाण्याचा धोका किती ते ठरवायचं आणि त्या हिशेबानं हप्त्याचा दर लावायचा, हे त्यांचं काम. उंच जागेला कमी, सखल जागेला जास्त. ऐकायला सोपं वाटतं. पण जागेच्या आधी मालक भेटतो आणि मालक म्हणतो, "पाणी? इथं? साहेब, आमच्या आजोबांच्या काळापासून थेंब आलेला नाही."

नाना यावर कधी वाद घालत नसत. "वा," म्हणत. पायातल्या चपला काढत आणि त्या दाराशी न ठेवता जिन्याच्या वरच्या पायरीवर किंवा खिडकीत ठेवत. कोरड्या ठणठणीत मे महिन्यातसुद्धा. मग चहा घेत आणि चहा घेता घेता भिंतीकडे बघत. बाहेर आल्यावर मला म्हणत, "मालकाच्या तोंडाकडे काय बघत होतास? बटनं बघितलीस का?"

ज्या घरात एकदा पाणी शिरून गेलं, तिथं पुढच्या वायरिंगला बटनं आणि प्लग वर जातात. मालक पाणी विसरतो, विमावाल्यासमोर तर हटकून विसरतो. पण बटन काही कोणी पुन्हा खाली घेत नाही. नाना बटनाच्या उंचीवरून पाण्याची उंची सांगत, आणि मालकाचा चेहरा पडे.

ऑफिसातही त्यांचं तेच. जेवणाचा डबा कपाटाच्या वर. छत्री खुंटीवर, कधी कोपऱ्यात टेकवलेली नाही. साहेबांनी खालच्या खणात फायली ठेवल्या की ते गुपचूप वरच्या खणात नेऊन ठेवत, आणि साहेब ठेंगणे असल्यामुळे रोज स्टूल मागवत. माणसांनाही त्यांनी दर लावलेले होते. कोणी नवा शाखेत आला की दोन दिवसांनी माझ्या कानाशी येऊन म्हणत, "जरा सखल आहे." मी त्यांना एकदा माझा दर विचारला. बराच वेळ विचार करून म्हणाले, "तू मध्यम आहेस. पण निचरा चांगला आहे." मी ते कौतुक समजून घरी सांगितलं. अजून ऐकून घेतो आहे.

माझं लग्न यावलला झालं. सासरे केळीवाले. पंगतीत नाना सासऱ्यांच्या शेजारी बसले होते, आणि जिलबी वाढत असताना त्यांनी विचारलं, "पावसाळ्यात पाणी कुठपर्यंत येतं?" सासऱ्यांना वाटलं, केळीच्या पाण्याची चौकशी आहे. त्यांनी विहीर, मोटर, ठिबक सगळं सांगितलं. नानांनी मन लावून ऐकलं आणि हात धुताना मला सांगितलं, "मांडव चुकीच्या जागी टाकलाय, पण माणसं उंचावरची आहेत. बिनघोर राहा." बायकोनं हे पहिल्या वर्षीच माझ्याकडून काढून घेतलं. तेव्हापासून नानांचं नाव निघालं की ती माझ्यापेक्षा त्यांची बाजू घ्यायची.

बटनांहूनही नानांचा भरवसा एका प्रश्नावर होता. मालक गप्पांत रमला की ते आतल्या दाराशी जाऊन घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारत, "अक्का, तुमची कानबाई कुठे बसते?"

खानदेशाबाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्याकडे श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. चौरंगावर नारळाची देवी, तिला नथ, साडी, दागिने. सगळे भाऊबंद एका घरी जमतात, रात्रभर गाणी-फुगड्या आणि सोमवारी वाजतगाजत तिला नदीवर नेतात. प्रसादाला रोट. त्यासाठी भाऊबंदातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढून ते एकत्र दळतात. रोट भाऊबंदांनीच खायचे. बाहेरच्याला द्यायचे नाहीत, टाकायचे तर मुळीच नाहीत.

आता कानबाई येते ती नेमकी नदी भरलेली असते तेव्हा. ज्या घरात श्रावणात कधी पाणी शिरलं, त्या घराची कानबाई वरच्या मजल्यावर जाते, ती पुन्हा खाली येत नाही. अक्का म्हणे, "पह्यले खाले बसे. आते वर बसस." नाना "बरं बरं" म्हणत आणि दर ठरून जाई. विमावाल्याशी खोटं बोलायला कोणालाच काही वाटत नाही. कानबाईबद्दल मात्र कोणी खोटं बोलत नाही.

नानांच्या स्वतःच्या भाऊबंदांची कानबाई आबांकडे बसायची. आबा हे त्यांचे थोरले चुलतभाऊ. पांझरेच्या काठच्या गल्लीत त्यांचं कापडाचं दुकान, शाळेच्या गणवेशांचं. वर राहायला घर. कानबाईच्या रविवारी आबा दुकान बंद ठेवत, कापडाचे तागे भिंतीला सारून खालीच, दुकानातच चौरंग मांडत. मी एक-दोनदा दर्शनाला गेलो आहे. खाकी आणि आकाशी कापडाच्या थप्प्यांमध्ये देवी बसलेली, आणि नाना त्या दिवशी नाना नसत. धोतर नेसून, बायकांना गाण्यातला पुढचा शब्द सुचवत, पोरांवर ओरडत फिरत. त्यांची बायको लवकर गेली. एकच मुलगी, ती सासरी. वर्षात त्यांना घर लाभे ते तेवढे दोन दिवस.

नानांच्या नियमानं बघितलं तर आबांच्या जागेला काही धोका नव्हता. कानबाई तळमजल्यावर, बटनं खाली. कमी दर. वर्षानुवर्षं तोच लागत आला होता.

मग वरच्या ऑफिसातून नवी पद्धत आली. कंप्यूटरवर शहराचा नकाशा, प्रत्येक इमारतीची नदीपासूनची उंची, आणि उंचीप्रमाणे रंग. लाल म्हणजे सखल. मला वाटलं, आता नाना चिडणार, कानबाई आणि बटनं घेऊन भांडणार. मी तर त्यांची बाजू घेऊन साहेबांशी बोलायची तयारीही केली होती. तर नाना तो नकाशा बघून लहान मूल जत्रेत हरखावं तसे हरखले. दिवसभर खुर्ची सोडेनात. म्हणाले, "कानबाईला मागचं पाणी माहीत असतं. ह्याला पुढचं माहीत आहे."

आबांची गल्ली लाल होती.

साहेब म्हणाले, नात्यातली जागा आहे, तुम्ही सही करू नका. म्हणून पाहणी माझ्या नावावर झाली. पण नाना बरोबर आले. दुकानात शिरले नाहीत. रस्त्यावर उभे राहून त्यांनी मला जवळ बोलावलं आणि पायाकडे बोट दाखवलं. "आम्ही लहान होतो तेव्हा दुकानात जायला पायऱ्या चढायचो."

मी बघितलं. आता दुकानात जायला एक पायरी उतरावी लागत होती. दुकान खचलं नव्हतं. दर काही वर्षांनी डांबराचा थर पडून रस्ता वर आला होता. वरच्या अंगाला नदीत मुरूम टाकून प्लॉट पाडले होते, पात्र निम्मं राहिलं होतं. आबांच्या जागेत काहीच बदललं नव्हतं. तिच्या भोवतीचं सगळं उंच झालं होतं.

आबांनी चहा सांगितला. मी मीटर टेप काढून उगाच भिंत मोजत होतो, कारण मला त्यांच्याकडे बघायचं नव्हतं. आबा माझ्या डोक्यावरून दाराकडे बघत म्हणाले, "नाना, आत ये ना. कितलं लावतंस?"

"सही याची आहे, आबा."

"मी तुले इचारी राह्यनू."

नाना म्हणाले, "जास्त लागेल. सगळ्यात वरचा."

आबा हसले. त्यांना गंमत वाटली. मग नानांचा चेहरा बघून हसू गेलं. "आठे पानी कधी उनं का? तू सांग. कानबाई कोठे बसस?"

"खाली बसते. आजपर्यंत आलं नाही, आबा. पण येईल."

त्या 'येईल'वर सगळं बिघडलं. पैशाचं आबांना फारसं वाटलं नाही, पुराचा विमा नकोच म्हणून त्यांनी एका वाक्यात तो विषय संपवला. पण भावानं घरात उभं राहून, खरं तर घरात पाऊलही न ठेवता, 'येईल' म्हणावं, हे त्यांना लागलं. ते खालच्या आवाजात म्हणाले, "तू मन्हा घरमा पानी लिखी दिन्हं."

नाना म्हणाले, "मी लिहिलं नाही. मी वाचलं."

हे वाक्य ऑफिसात बोलायचं होतं. तिथं आम्ही वाहवा केली असती.

पुढच्या श्रावणात आबांनी रोटाचे गहू काढले. नानांना निरोप आला नाही. निरोप लागतो असंही नाही, भाऊबंद आपोआप जमतात. पण भाऊबंदातल्याच कोणीतरी येऊन सांगितलं की आबा म्हणाले, ज्याला ह्या घरात पाणी दिसतं त्यानं उंचावर राहावं. नाना गेले नाहीत. त्यानंतर कोणत्याच वर्षी गेले नाहीत. ज्याची मूठच काढली नसेल त्यानं रोट मागायला जायचं कसं?

त्या रविवारनंतरच्या सोमवारी मी त्यांना पुलावर बघितलं. खालून आबांची कानबाई चालली होती, पुढे डफ, डोक्यावर चौरंग घेतलेली बाई, मागे सगळे भाऊबंद. नाना कठड्याशी उभे. वाजंत्री पुलाखाली आली तसे त्यांनी चपला काढल्या आणि कठड्यावर ठेवल्या. हात जोडले. खालून कोणी वर बघितलं नाही.

पुढे गावाला हेच दिसायला लागलं. श्रावण लागला की नाना संध्याकाळी पुलावर. लोक म्हणायचे, पुराची वाट बघतोय. नकाशात लाल झालेल्या इतर दुकानदारांनी तर त्यांचं नावच पाडलं होतं, ते मी लिहीत नाही. मी एकदा त्यांना म्हणालो, "नाना, घरी बसत जा. लोक काय म्हणतात माहीत आहे ना?"

"खरं म्हणतात."

मी त्यांच्या शेजारी कठड्याला टेकलो.

ते म्हणाले, "पाणी आलं तर मी खरा. नाही आलं तर आबा सुखी. नदी वाढायला लागली की माझ्या मनात आधी काय येतं, ते बघायला मी इथं उभा राहतो."

"मग काय येतं?"

"अजून तरी 'नको' येतं," ते म्हणाले. "पण रोज बघावं लागतं."

पाणी एका वर्षी आलंच. धरणातून सोडलं होतं. दुपारी गल्लीत शिरलं, तेव्हा मी नानांबरोबर पुलावरच होतो. नाना पळाले. साठीच्या जवळ आलेला माणूस असा पळताना मी बघितला नव्हता. त्यांच्या मागे मी. आबांच्या दुकानात आबा एकटेच, हातात गणवेशाचा एक गठ्ठा घेऊन उभे, कुठून सुरुवात करावी ते न कळून. नाना काही न बोलता त्यांच्या हातातून गठ्ठा घेऊन जिना चढले. मग ते तागे खांद्यावर टाकून वर, रिकाम्या हातानं खाली, पुन्हा वर. मीही लागलो. माझी कंबर पहिल्याच ताग्याला गेली, म्हणून मी हलकी कामं घेतली, टाय आणि मोज्यांचे खोके. आबा खुर्चीत बसून बघत होते. अडवलं नाही, मदतही केली नाही.

रस्त्यावरचं गढूळ पाणी दाराशी आलं. पायरीवर उतरलं. उंबऱ्याला लागलं. आम्ही तिघेही तिकडे बघत उभे. उंबऱ्यावरून एक ओघळ आत आला, माणसाच्या बोटाएवढा. आणि थांबला. बराच वेळ तिथंच राहिला. मग पाणी हळूहळू मागे गेलं, उंबऱ्यावर गाळाची रेघ ठेवून.

आबा म्हणाले, "नही उनं."

"नाही आलं," नाना म्हणाले. ते जिन्यात बसले होते, शर्ट घामानं अंगाला चिकटलेला. चेहऱ्यावर इतकं समाधान मी कधी बघितलं नव्हतं. मला वाटलं, आता हे दोघं बोलतील. मी मोज्यांचा खोका मांडीवर घेऊन वाट बघत बसलो.

आबांनी त्यांच्याकडे बघितलं. "तुले वाईट वाटनं व्हई."

नाना उठले. शर्ट झटकला. बाहेर आले, गाळातून चालत गेले. त्या दिवशी चपला त्यांनी कुठं ठेवल्या होत्या, त्यांनाही आठवलं नाही. अनवाणी घरी गेले. त्यानंतर पुलावर ते दिसत, पण मनात काय आलं ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

मी बदली होऊन जळगावला आलो. नाना निवृत्त झाले. आबांच्या दुकानात त्या ओघळापलीकडे पाणी आजवर शिरलेलं नाही. ह्या उन्हाळ्यात नाना गेले. झोपेत, चौथ्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत. फोन आला तेव्हा मी मोबाइल भिंतीशी उभा राहून चार्ज करत होतो, म्हणून फोन उभ्यानंच ऐकला.

दहाव्याला धुळ्याला नदीवर गेलो. मुलगी होती, ऑफिसातली दोन माणसं होती. आबा येतील असं मला वाटलं नव्हतं. आबा आले होते, काठी टेकत, आता बरेच वाकलेले. विधी आटोपल्यावर माझ्याजवळ आले, मला ओळखलं. "मोजावाला ना तू?" म्हणाले. मी हो म्हणालो. माझी इतिहासात तेवढीच नोंद.

मग ते घाटाच्या पायरीवर बसले आणि मलाही बसवलं. नदीत पाणी नव्हतंच.

"त्यानी मूठ मी काढी," आबा म्हणाले.

मला कळलं नाही. "कसली मूठ, आबा?"

"रोटना गहू. दर साल. बठ्ठासनी काढी, तशी त्यानी बी काढी. सव्वा मूठ, त्याना नावनी. कानबाईसमोर भाऊनी मूठ कोन टाळी?"

म्हणजे जी मूठ नाही म्हणून नाना पुलावरच उभे राहिले, ती आबांच्या परातीत दरवर्षी होती. मी विचारलं, "मग त्यांना बोलावलं का नाही?"

आबांनी काठीनं पायरीवरचा खडा बाजूला सारला. "तो यी, अशे वाटे."

"आणि त्यांच्या वाट्याचा रोट?"

"बाहेर देता येत नही," आबा म्हणाले. "मीच खाऊ." आणि मग शहरी मराठीत, जणू मला नीट कळावं म्हणून, "गोड लागत नव्हता."

बसनं जळगावला परतलो. घरी पोचलो, आंघोळ केली. बायको छातीभर उंचीच्या प्लगला मिक्सर लावून, तो एका हातानं ओट्यावर दाबून चटणी वाटत होती. मी तिला सगळं सांगितलं. मूठ, रोट, आबांचं बोलणं. मिक्सर कधी बंद झाला ते मला कळलं नाही. तिनं पदराला हात पुसले आणि उभी राहिली, माझ्याकडे न बघता, त्या वर लावलेल्या बटनाकडे बघत.

मग म्हणाली, "नदीसुद्धा उंबऱ्यापर्यंत येऊन गेली. आबांना पुलापर्यंत जाता आलं नाही."